आडाची वार्षिक परीक्षा

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आली आहे. तिची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. आडात जे आहे ते पोहऱ्यात येणारच. मग ते आपणांस दिसो वा न दिसो.

बेळगाव हे पूर्वापार आडविहिरींचे गाव. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्याच्या सोयीसाठी टिळकवाडीत मुद्दाम विहीर खोदण्यात आली व ती आजही पाहावयास मिळते. जुन्या घरांच्या परसात आड आहेत. नळाला पाणी आले नाही की साऱ्या घराला त्यांची आठवण होते. नळाचे पाणी तपासण्यास सार्वजनिक यंत्रणा असते. घरच्या आडाला मात्र घरच्या माणसांवाचून वाली नाही. ‘आमच्या आडाचे पाणी स्फटिकासारखे आहे, तीन पिढ्या आम्ही तेच पीत आलो,’ असे अभिमानाने सांगितले जाते. या अभिमानात नितळपणा आणि शुद्धता यांची गल्लत झालेली असते.

ही गल्लत किती महाग पडते, ते लंडन शहराने १८५४ साली अनुभवले. तेथील ब्रॉड स्ट्रीटवरील विहिरीच्या पंपाचे पाणी इतके नावाजलेले होते की, दूर राहावयास गेलेली एक विधवा ते मुद्दाम मागवून घेत असे. त्या वर्षी ऑगस्टअखेर तेथे पटकीची साथ भडकली आणि थोड्याच दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. ती विधवाही वाचली नाही. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून या मृत्यूंचा संबंध त्या पंपाशी जोडून दाखविला. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती. विशेष हे की, खुद्द स्नो यांनी पाणी तपासले तेव्हा त्यांना त्यात दोषाचा निर्णायक पुरावा आढळला नव्हता. पुढे खोदून पाहता, शेजारच्या घरातील मैल्याचा खड्डा विहिरीला अगदी लागून असल्याचे उघडकीस आले.

वस्तुतः पाण्यातील दोषांचे दोन वर्ग पडतात. पाण्यात लोह असेल तर भरून ठेवलेले पाणी तांबूस होते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. क्षार अधिक असल्यास पाणी मचूळ लागते. हे दोष आपली वर्दी आपणच देतात. रोगजंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड यांना मात्र ना रंग, ना वास, ना चव. ते ओळखावयाचे तर परीक्षेवाचून दुसरा मार्ग नाही.

पाण्यातून पसरणाऱ्या प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधणे फार अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ ‘ई. कोलाय’ या सूचक जंतूचा शोध घेतात. तो माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात विपुल असतो. तो पाण्यात सापडला म्हणजे मैल्याचा शिरकाव झाला, असे निश्चित समजावे. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. मैल्याने दूषित झालेले पाणी घरच्या घरी ओळखता यावे, अशी एक सोपी चाचणी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. तिच्या बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावी; एका दिवसात पाणी काळे पडले तर ते संशयास्पद समजावे.

नायट्रेट हे खत, शेण आणि सांडपाणी यांतून झिरपत येते. अशा पाण्यात कालविलेले दूध तान्ह्या बालकाच्या पोटात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व ओठ निळे पडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ साली अशा बालकांच्या आजाराचे मूळ घरच्या विहिरीत सापडले होते. नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम असून, दुसरा जलस्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात. परंतु नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्यामुळे दर लिटरमागे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. म्हणजे दोष कोणता हे न जाणता केलेला उपाय कधी व्यर्थ, तर कधी अपायकारक ठरतो. आधी परीक्षा, मग उपाय, हाच क्रम योग्य होय.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे. जंतुपरीक्षेसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये, तिच्या तोंडाला बोट लावू नये. भरल्यावर ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचती करावी. रासायनिक परीक्षेची बाटली मात्र त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून काठोकाठ भरावी. विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास नमुना घेऊ नये. पहिल्या पावसानंतरचा काळ परीक्षेस उत्तम. कारण आपल्याकडील जांभा दगड सच्छिद्र असून वरची घाण घेऊन पाणी त्यातून सहज खाली उतरते. शौचकूप विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा, तो याचसाठी.

जंतू आढळले तर गणित करावे. दोन मीटर व्यासाच्या आडात चार मीटर पाणी असल्यास ते सुमारे १२,५६० लिटर भरते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगली ब्लीचिंग पावडर सुमारे ३१ ग्रॅम लागेल. ती टाकल्यावर निदान तासभर पाणी उपसू नये. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा करावी आणि दोष कायम असेल तर घाण कोठून येते ते शोधावे.

आपण विद्यार्थी दरवर्षी परीक्षेस बसतो. आपला आड मात्र पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेवाचूनच उत्तीर्ण होत आला आहे. येत्या पावसाळ्यात त्यालाही एकदा परीक्षेस बसवू या. त्याचा निकाल घरातल्या सर्वांत लहान बाळाच्या प्रकृतीशी निगडित आहे.