पिंपातील एल

पिंपात दुय्यम किण्वन होऊन परिपक्व झालेली आणि बाहेरून वायूचा दाब न देता त्याच पिंपातून पेल्यात काढली जाणारी बिअर. ही पद्धत मुख्यतः ब्रिटनमधील असून तेथे या पेयास ‘रिअल एल’ असेही म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडते वेळी हे पेय अपुरे असते. त्याची घडण तळघरात किंवा घरी, ते वाढणाऱ्याच्या हातून पुरी होते. हेच त्याचे वैशिष्ट्य व हीच त्याची मुख्य अडचण होय.

माल्ट (मोड आणून वाळविलेले जव), पाणी, हॉप व पृष्ठभागी किण्वन करणारे यीस्ट यांपासून एल तयार करतात. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात गाळलेली, पाश्चरीकृत आणि कार्बन डाय-ऑक्साइडाच्या दाबाने बाहेर काढली जाणारी ‘केग’ बिअर ब्रिटनमध्ये झपाट्याने पसरली. ती टिकाऊ व हाताळण्यास सोपी असली, तरी तीत जिवंत यीस्ट नसल्याने ती पुढे पक्व होत नाही. जुनी पद्धत टिकविण्यासाठी १९७१ मध्ये एक ग्राहकसंघटना स्थापन झाली. १९७३ पासून ती ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ (कॅमरा) या नावाने ओळखली जाते. स्वतःच्या उपयोगासाठी घरी बिअर करण्यास लागणारा परवाना ब्रिटनमध्ये १९६३ साली रद्द झाला, त्यामुळे हे तंत्र घरोघरीही पोहोचले. (महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.)

पिंप व दुय्यम किण्वन : पूर्वी पिंपे लाकडी असत, आता ती बहुधा अगंज पोलादाची, ॲल्युमिनियमाची वा प्लॅस्टिकची असतात. ‘फर्किन’ हे ९ गॅलनांचे (सु. ४१ लि.), तर ‘पिन’ हे त्याच्या निम्म्या मापाचे पिंप असते. पिंपाला दोन छिद्रे असतात : एक फुगीर बाजूवर, बिअर भरण्यासाठी व नंतर वायू सोडण्यासाठी, दुसरे पुढील तबकडीच्या कडेजवळ, तोटी बसविण्यासाठी. मुख्य किण्वन संपत आले म्हणजे थोडी शर्करा व यीस्ट शिल्लक असतानाच बिअर पिंपात भरतात. शर्करा कमी पडत असल्यास दर लिटरला सु. २ ग्रॅ. साखर घालतात. बंद पिंपात यीस्ट ही शर्करा पचविते व तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड बिअरमध्ये विरघळतो (⇨ किण्वन). वाढते वेळी त्याचे प्रमाण बिअरच्या घनफळाच्या सु. १ ते १·२ पट असते. केग बिअरमध्ये ते याच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणूनच पिंपातील एल जिभेला सौम्य लागते.

निवळणे : यीस्टचा गाळ लवकर बसावा म्हणून बिअरमध्ये माशांच्या वाताशयापासून काढलेले आयसिंग्लास घालतात. त्यातील कोलॅजेनावर धन, तर यीस्टच्या कोशिकांवर ऋण विद्युत् भार असतो. त्यांच्या आकर्षणाने पुंजके होऊन ते तळाशी बसतात. बिअर फार उबदार झाल्यास आयसिंग्लासाचा गुण नष्ट होतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी घोळ माशाच्या वाताशयाला ‘भोत’ म्हणतात. ते वाळवून परदेशी पाठविले जाते.

उघडणे व वाढणे : पिंप घडवंचीवर आडवे, बाजूचे छिद्र वर येईल असे ठेवून पाचरींनी पक्के करतात व ११° ते १३° से. तापमानात राहू देतात. नंतर वरील बुचात सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकतात. तिच्यातून जादा वायू व फेस निघून जातो. फेस थांबला म्हणजे तिच्या जागी कठीण, निश्छिद्र खुंटी बसवितात व मोगरीच्या एका जोरकस ठोक्याने तोटी आत घालतात. सुमारे एक दिवसाने बिअर निवळते. ती थेट तोटीतून किंवा हातपंपाने काढतात. वाढताना कठीण खुंटी सैल करावी लागते. नाही तर आत निर्वात पोकळी होऊन प्रवाह खुंटतो. वाढणे संपताच ती पुन्हा घट्ट बसवितात. पिंप निम्म्याच्या आसपास रिकामे झाले, की मागील बाजू हळूहळू उचलतात. धक्का बसल्यास गाळ ढवळला जातो.

टिकाऊपणा : जेवढी बिअर बाहेर येते, तेवढीच हवा आत शिरते. हवेतील ऑक्सिजनाने चव शिळी होते व ॲसिटिक अम्ल तयार करणारे जंतू बिअर आंबवितात. म्हणून उघडलेले पिंप सु. तीन दिवसांत संपवावे लागते. फर्किनमध्ये ७२ पिंट बिअर मावते, म्हणजे दिवसाला २४ पिंट संपली पाहिजे. पानगृहात हे जमते, घरी नाही. यावर घरगुती उपाय तीन : पिन वापरणे, खोक्यातील लवचिक पिशवी (पॉलिपिन) वापरणे, कारण पिशवी आक्रसत गेल्याने हवा आत येत नाही, किंवा हवेऐवजी वातावरणीय दाबाचा कार्बन डाय-ऑक्साइड आत सोडणारी झडप बसविणे. या झडपेस कॅमराचा दीर्घकाळ विरोध होता. २०१८ मध्ये त्या संघटनेने तटस्थ भूमिका स्वीकारली. झडपेने बिअर अधिक दिवस टिकते. तथापि पिंपाची स्वच्छता, तापमान आणि निवळण्यास द्यावा लागणारा वेळ यांना तिने पर्याय मिळत नाही.