तालमीतून वाचन

चौदा वर्षांच्या मुलापुढे पहिलीचे पुस्तक ठेवले, की तो वाचण्याऐवजी संकोचानेच गप्प होतो. वाचनात मागे पडलेल्या किशोरांची अडचण येथेच आहे. छोटा उतारा पुनःपुन्हा वाचल्याने वाचनास ओघ येतो, हे अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडले. परंतु कारणावाचून तेच पान कोण वाचील? नाटक हे कारण पुरविते.

नाट्यवाचनात संवाद पाठ करावयाचे नसतात. संहिता हाती धरूनच वाचावयाचे असतात. त्यामुळे तालीम हीच वाचनाची उजळणी ठरते. वाक्य रागाने म्हणावे की विनवणीने, हे ठरविताना अर्थही उमगतो. अडखळणाऱ्यास प्रथम दोन ओळींची भूमिका द्यावी व ती क्रमाने वाढवावी.

जाहिरातफलकही मुलांनीच करावा. प्रेक्षकांची गरज ओळखणे, कच्चा नमुना करणे, तो इतरांकडून वाचवून घेणे आणि न कळलेला भाग सुधारणे, ही अभिकल्पाची, म्हणजेच डिझाइनची रीत होय.

यासाठी रंगमंच लागत नाही. शाळेचा व्हरांडा व संहितेच्या काही प्रती पुरतात. पंचायतीने ग्रामसभेपूर्वी अर्धा तास दिल्यास या मुलांना हक्काचे श्रोते लाभतील.