सात-बाराची फास्ट

मोर्चा म्हटला की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे मागणी नंतर येते, आधी रस्ता येतो. कुठला रस्ता बंद, बस कुठून वळवली, साहेब लेटमार्क लावणार की माफ करणार. पूर्वी मोर्चे काळ्या घोड्यापाशी अडवत. पुढे ते आझाद मैदानात नेऊन बसवले जाऊ लागले. ज्यांना काही मागायचे आहे ते मैदानात, ज्यांना कामावर जायचे आहे ते फुटपाथवर, आणि मध्ये पोलिसांचे बांबू, अशी ही वाटणी. सोयीची आहे. पण आमच्यासारख्यांची या वाटणीत पंचाईत होते. कारण बांबूच्या पलीकडे बसलेला माणूस पुष्कळदा आपल्या भावकीतला निघतो.

मी पारनेर तालुक्यातला. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले आहे, तरी एस.टी.त बसताना तोंडात अजून 'नगर'च येते. पारनेर, संगमनेर, अकोले, पलीकडचे जुन्नर या भागात घरटी एखादा माणूस मुंबईला असायचाच. कोणी मार्केटात, कोणी गोदीत, कोणी टॅक्सीवर. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. राहतो कल्याणला. नगर-कल्याण रस्ता माळशेज उतरून जिथे संपतो तिथेच आमच्यापैकी बरेच जण थांबले. पुढे जाण्याची ऐपत नव्हती आणि मागे जाण्याची सोय. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर. आमची गाडी ७.१२ ची फास्ट. डब्यातले सगळे शेतकऱ्यांचे पोरगे, त्यामुळे तिचे नाव 'सात-बाराची' असे पडले आहे. गावाकडच्या सात-बारावर ज्यांचे नाव लागायचे राहिले किंवा लागूनही पोट भरले नाही, ते सगळे या सात-बारावर, असे आमचा एक सोबती म्हणतो.

मुंबईला हलवणाऱ्या गोष्टी नगर जिल्ह्यातून निघण्याची परंपरा काही कालची नाही. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची ठिणगी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याची. मुंबईच्या चहात दूध कमी पडले तेव्हा शहराला त्या गावाचे नाव कळले. त्याआधी जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीची ती भयंकर घटना घडली आणि मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. त्यातला मुंबईचा मोर्चा ९ ऑगस्ट २०१७ चा, भायखळा ते आझाद मैदान. राळेगण सिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी २७ डिसेंबर २०११ ला वांद्रे-कुर्ला संकुलात उपोषण मांडले, पण त्या वेळी मैदानच भरले नाही आणि दुसऱ्या दिवशी ते आटोपले. तिकडे कामाला जाणाऱ्यांची काही अडचण झाल्याचे मला आठवत नाही. मोर्चाचा त्रास झाला नाही की तो फसला असे समजायचे, हा या शहराचा विचित्र न्याय आहे.

याला एक अपवाद मी पाहिला. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून चालत आला. अकोल्याचे डॉ. अजित नवले त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. ११ मार्चला ही मंडळी शीवच्या सोमय्या मैदानावर पोचली. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहावीच्या मुलांचा पेपर. सकाळी निघालो तर पोरे परीक्षेला पोचणार नाहीत, म्हणून हे लोक विश्रांती सोडून रात्रीच चालत निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात बसले. पायांना फोड आलेले. सकाळी आमची लोकल वेळेवर, रस्ते मोकळे, आणि मैदानात लाल टोप्यांचे शेत. त्या दिवशी मुंबईकरांनी चपला आणल्या, बिस्किटे आणली, पाणी आणले. रस्ता मोकळा असला की शहराला मागणी ऐकू येते, हेही त्या दिवशी दिसले. पण प्रत्येक मोर्चाला रात्री चालता येईल असे नाही, आणि दर वेळी फोड दाखवल्याशिवाय शहराने बघायचेच नाही, हेही काही बरोबर नाही.

ऑगस्ट २०२५ चे आंदोलन या सगळ्यांहून वेगळे होते. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, मनोज जरांगे पाटील लाखोंच्या गर्दीसह नगरवरूनच मुंबईकडे आले होते, पण वाशीतच सरकारने मसुदा हातात ठेवला आणि लोक परतले. दक्षिण मुंबईने ती गर्दी फक्त टी.व्ही.वर पाहिली. या वेळी २७ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीला, ते अंतरवाली सराटीहून निघाले. पैठण, शेवगाव, नगर, मग आमच्या नगर-कल्याण रस्त्याने आळेफाटा आणि मुक्काम शिवनेरीला. आमच्या गावच्या फाट्यावर लोकांनी गणपती बसवला आणि तसेच रस्त्यावर जाऊन उभे राहिले. धाकट्या भावाचा मुलगा त्याच दिवशी पिकअपमध्ये बसून गेला. भावाने मला रात्री फोन केला. "दादा, पोरगं तिकडं आलंय. तुमचं ऑफिस जवळच आहे ना मैदानाच्या?" जवळ म्हणजे पायी दहा मिनिटे.

शुक्रवारी, २९ ऑगस्टला, सकाळी जरांगे मैदानात पोचले. परवानगी एका दिवसाची, पाच हजार माणसांची. आलेली माणसे त्याच्या कित्येक पट. हे होणार हे सरकारला कळले नसेल यावर माझा विश्वास नाही. दोन दिवस आधी आमच्या फाट्यावर उभे राहून गाड्या मोजणाऱ्या पोरालाही ते सांगता आले असते. वर पाऊस. मैदानाचा चिखल झाला, माणसे स्थानकात शिरली. महापालिकेसमोरचा चौक बंद, बेस्टच्या बसेस वळवलेल्या. फलाटावरून सबवेपर्यंत जायला एरवी चार मिनिटे लागतात, त्या दिवशी पाऊण तास लागला. प्रयोगशाळेत सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे रुग्ण असतात, मधुमेहाचे. त्यातले निम्मे आलेच नाहीत. आसनगावची एक बाई अकरा वाजता पोचल्या, पोटात पाण्याशिवाय काही नाही, चक्कर आलेली. त्यांना चहा-बिस्कीट दिले आणि परत यायला सांगितले. कर्जत-कसाऱ्याच्या माणसाची अशी एक खेप वाया गेली म्हणजे त्याची दिवसाची मजुरी गेली, हे वर्तमानपत्रात 'वाहतूक विस्कळीत' या दोन शब्दांत मावत नाही.

पण दुसऱ्या बाजूचेही तेच. दुपारी सुटीत मी पुतण्याला शोधायला गेलो. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला, खांबाशी टेकून बसला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. आसपासची दुकाने, खाऊच्या गाड्या बंद. शौचालयापुढे रांग. वाहतूक कशी वळवायची याचा नकाशा शहराकडे तयार होता. माणसे कुठे झोपतील, कुठे जातील, काय खातील याचा नव्हता, तो एक-दोन दिवसांनी हळूहळू तयार झाला. काही पोरे स्थानकात नाचत होती, कबड्डी खेळत होती, काही रस्त्यात गाड्या अडवत होती. ते मला आवडले नाही आणि मी तसे पुतण्याला सांगितलेही. तो म्हणाला, "नाना, शंभर जण नाचतात, ते टीव्हीवर येतात. झोपलेले कोण दाखवतंय?"

त्याला कल्याणला चल म्हटले. मैदान सोडायचे नाही म्हणाला. रविवारी आईचा फोन आला. गावात त्या दिवशी गौरी यायच्या होत्या, आणि आळीतल्या बायकांनी सकाळपासून बाजरीच्या भाकरी थापायला घेतल्या होत्या, मुंबईला पाठवायला. भाकरी, ठेचा, चटणी, पोती भरून टेम्पो निघाला होता. "तू तिथं असून पोराला आंघोळ नाही घालू शकत?" एवढेच ती म्हणाली. मी पुन्हा मैदानावर गेलो आणि तो आणि त्याचे दोन मित्र एकदाचे संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर आले. सौ.ने बंबभर पाणी तापवले. तिघेही जेवून दहा मिनिटांत झोपले.

सोमवारी, १ सप्टेंबरला, आम्ही चौघे सात-बाराच्या फास्टला उभे राहिलो. मी कामावर निघालेलो, ते आंदोलनाला. भगवी उपरणी त्यांनी पिशवीत घातली होती. मी सांगितले नव्हते, त्यांनाच वाटले असावे. वाशीहून हार्बरने ते आले होते, पण तेव्हा गाडीत सगळे त्यांचेच होते. कल्याणची सकाळची गाडी ही वेगळी चीज. डोंबिवलीला लोक आत आले तेव्हा पुतण्याचे पाय क्षणभर जमिनीवर नव्हते.

आमच्या डब्यात माणसांना गावाच्या नावाने हाक मारतात. मी 'पारनेर'. खिडकीजवळचा 'पाथर्डी', अठरा वर्षांचा सोबती, एका खासगी कंपनीच्या गोडाऊनमध्ये कारकून. तो ओबीसी. त्याचा मुलगा दोन वर्षे स्पर्धा परीक्षा देतो आहे. मराठ्यांना कुणबी म्हणून दाखले मिळाले तर आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील, ही त्याची धास्ती मला माहीत आहे. माझ्या पुतण्याने पोलीस भरती दोनदा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. आमच्या भावकीत एका शाखेच्या पणजोबांची कुणबी नोंद जुन्या दप्तरात सापडली, आमच्या शाखेची सापडली नाही. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडे मराठा आणि पलीकडे कुणबी. भावाचे तीन एकर जिरायत आहे आणि दोन गाई. हे सारे पाथर्डीला माहीत आहे. तरी २७ तारखेपासून आम्ही दोघे या विषयावर एक शब्दही बोललो नव्हतो. क्रिकेट, पाऊस, मुळा धरण किती भरले, एवढेच.

मुलुंडच्या आसपास दारातल्या एका गृहस्थांनी तोंड सोडले. चार दिवस शहर वेठीला धरलेय, ह्यांना कामधंदे नाहीत, वगैरे. डब्यात हसणारे हसले. माझ्या काखेखाली दबलेला पुतण्या फार मोठ्याने नव्हे, पण ऐकू जाईल असे म्हणाला, "काम असतं तर आलो असतो का?"

डबा गप्प झाला. त्या गृहस्थांनी मान वळवली. आणि मग खिडकीतून, बाहेर बघतच, पाथर्डी म्हणाला, "काम माझ्या पोरालाही पाहिजे, बाळा."

याला उत्तर नव्हते. माझ्याकडे तर नव्हतेच. गाडी विक्रोळी, घाटकोपर करत राहिली. कुर्ला येताच पाथर्डी उठला. निम्म्या वाटेवर बसलेल्याने उभ्याला जागा द्यायची हा आमच्या डब्याचा जुना रिवाज, पण ती जागा एरवी माझी असते. त्याने पुतण्याच्या खांद्याला धरून त्याला खिडकीशी बसवले. "बस. रात्री नीट झोप झालेली दिसत नाही." पोरगे बसले आणि मस्जिदपर्यंत त्याने वर पाहिले नाही.

पुढच्या घटना सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करून जनजीवन पूर्ववत करायला मंगळवार दुपारपर्यंतची मुदत दिली. मंगळवारी, २ सप्टेंबरला, मंत्रिमंडळ उपसमितीचे अध्यक्ष राधाकृष्ण विखे पाटील मैदानात आले. तेही आमच्याच जिल्ह्याचे, लोणीचे. हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाला, उपोषण सुटले, गुलाल उडाला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ढोल ऐकू येत होते. पुतण्याने निघण्यापूर्वी दाराशी येऊन मला एक पुडके दिले. आईच्या भाकरी होत्या, दोन दिवसांच्या, कडक झालेल्या. स्थानकात भाकरी एवढ्या आल्या की संपेनात, म्हणाला. मी त्याला विचारले, तुझी नोंद हैदराबादच्या कागदात कशी सापडणार? आपला पारनेर निजामाकडे नव्हता. तो जरा थांबला. "ते बघू नाना. आधी मराठवाड्याचं होऊ द्या."

बुधवारी सात-बाराला पुन्हा नेहमीची गर्दी, स्थानक धुतलेले, फिनेलचा वास. त्या दिवशी छगन भुजबळ मंत्रिमंडळाच्या बैठकीपासून दूर राहिले आणि ओबीसी संघटनांच्या हालचाली सुरू झाल्या. पाथर्डीने मला विचारले, पोरगे नीट पोचले का. पोचले म्हटले, माळशेजने गेले, पहाटे तीनला.

"आता आमचे लोक मैदानावर यायचं म्हणताहेत," तो म्हणाला. "तारीख ठरली की सांगतो."

मी म्हटले, "सांग. त्या दिवशी दोघंही भायखळ्यालाच उतरू, तिथून चालत गेलेलं बरं. तुझा पोरगा येणार असला तर आदल्या रात्री माझ्याकडे पाठव, कल्याण तुझ्या बदलापूरपेक्षा सोयीचं पडेल."

त्याने थोडा विचार केला आणि बदलापूरहून कल्याणला पहाटे कुठली गाडी मिळते ते विचारले.