लाजेने वाढणारे दुखणे



या अंकात ज्या विषयावर लिहीत आहे, तो आपण मंडळीत सहसा बोलत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरची तरुण मुले ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे अंघोळीला पुरेसे पाणी नसते, घामाचे कपडे दिवसभर अंगावर असतात. अशा वेळी शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, सूज येते, कातडीखाली पांढरा साका धरतो, लघवीला आग होते. डॉक्टर याला बॅलॅनायटिस म्हणतात.

बहुतेक वेळा कारण साधे असते: अस्वच्छता, बुरशी, किंवा उलट, साबणाने फार घासणे. वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते. काही वेळा लैंगिक संसर्गही कारण असतो. म्हणून अंदाज न करता तपासणी करावी.

पुष्कळ मुले लाजेने दुकानातून गजकर्णाचे मलम आणतात. त्यातल्या अनेक मलमांत स्टिरॉइड असते. खाज थांबते, पण बुरशी वाढते. योग्य उपचार सोपा आहे. कातडी सहज मागे जाईल तेवढीच नेऊन रोज कोमट पाण्याने धुवावे, साबण टाळावा, हलके कोरडे करून कातडी पुन्हा पुढे आणावी. बुरशी असल्यास डॉक्टर क्लोट्रिमाझोल मलम ७ ते १४ दिवस देतात. बरे वाटले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. तोवर शरीरसंबंध टाळावा. विवाहित असल्यास पत्नीचीही तपासणी करावी. लघवी अडली किंवा मागे गेलेली कातडी पुढे येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जिल्हा रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात आणि माहिती गुप्त राहते.

हे दुखणे झाले म्हणजे मुलगा वाईट वळणाला लागला, असे आपण ठरवू नये. त्याच भीतीने मुले महिनोन्‌महिने सोसतात. ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो त्यांना अधिक जपावे, हा विचार पौलाने १ करिंथ १२ मध्ये मांडला आहे. मंडळीतील वडीलधाऱ्या पुरुषांनी तरुण संघाच्या सभेत एकदा तरी हा विषय मोकळेपणाने काढावा, ही विनंती. आमच्या तरुणांसाठी प्रार्थना करीत राहा.