तव्यावर पळणारा थेंब

आज घरी पोळ्या सुरू असतील तेव्हा किचनमध्ये एक चक्कर टाकाच. तवा नुकताच गरम झालाय? त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. चर्रर... संपला! आता तवा कडकडीत तापू द्या (नॉनस्टिक मात्र नको हं!) आणि पुन्हा थेंब टाका. तो गोटीसारखा गोल होऊन चक्क पळत सुटतो. तवा जास्त गरम, तरी थेंब जास्त वेळ टिकतो. आहे ना भन्नाट?

लॉजिक सोपं आहे. साधारण २०० अंशांच्या आसपास थेंब टेकताक्षणी त्याच्या तळाची वाफ होते. वाफेची ही गादी थेंबाला अधांतरी धरते आणि उष्णताही अडवते. जर्मन डॉक्टर योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा 'लायडेनफ्रॉस्ट इफेक्ट'.

तव्यावर ही गंमत. अणुभट्टीत मात्र संकट. इंधनाच्या कांड्यांभोवती असाच वाफेचा थर जमला, तर पाण्यात बुडूनही त्या नीट थंड होत नाहीत, थेट खराब होऊ शकतात. म्हणून ती वेळच येऊ नये, अशी आखणी इंजिनीअर आधीच करतात.

तेव्हा पाणी ओतलं की सगळं गार होतं, असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी तव्यापाशी न्या!