दुसऱ्या सूर्याचा बर्फ

आंतरतारकीय धूमकेतू म्हणजे दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती घडलेला, तिथून बाहेर फेकला गेलेला आणि सूर्याजवळून एकदाच जाणारा बर्फ-धुळीचा गोळा. सूर्यमालेबाहेरून आलेल्या तीन वस्तू आतापर्यंत निश्चितपणे ओळखल्या गेल्या आहेत: २०१७ मधला ओउमुआमुआ, २०१९ मधला बोरिसोव्ह आणि २०२५ मधला अ‍ॅटलास. ओउमुआमुआभोवती वायू सापडलाच नाही, त्यामुळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हाती आले ते दोनच. अ‍ॅटलास सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने सूर्यमालेत शिरला. अशा पाहुण्याचा पाठलाग करून नमुना आणणे आज शक्य नाही. त्याच्याकडून येणारा प्रकाश तेवढा अभ्यासता येतो.

धूमकेतूचा गाभा लहान असतो आणि धुळीआड झाकलेला असतो. सूर्याची ऊब लागली की त्यातल्या बर्फाचे कापरासारखे संप्लवन होते, म्हणजे तो न वितळता थेट वायू होतो आणि जाताना धूळही उडवतो. या वायू-धुळीच्या आवरणाला कोमा म्हणतात. कोमाच्या प्रकाशात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश ही पहिली. वायूचे रेणू ठरावीक तरंगलांबीचा सूर्यप्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकतात, ती प्रतिदीप्ती ही दुसरी. रसायनाची ओळख पटते ती दुसरीतून. म्हणून सूर्यासारख्या एखाद्या ताऱ्याचा वर्णपट त्याच उपकरणाने घेतात, धूळ प्रकाशाला जी लालसर छटा देते तिचा हिशेब जुळवतात आणि तो भाग वजा करतात. उरतात त्या वायूच्या तेजस्वी रेषा.

पण ठळक रेषा म्हणजे भरपूर वायू, असे समीकरण चालत नाही. सूर्याच्या वर्णपटात असंख्य काळ्या रेषा आहेत. धूमकेतू सूर्याच्या दिशेने किंवा सूर्यापासून दूर धावत असतो, त्यामुळे त्याला मिळणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी डॉप्लर परिणामाने किंचित सरकते. रेणूला हवी असलेली तरंगलांबी नेमकी एखाद्या काळ्या रेषेवर आली तर त्याची प्रतिदीप्ती मंदावते, वायू तेवढाच असला तरी. बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ पोल स्विंग्ज यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले. आंतरतारकीय धूमकेतू नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा वेगवान असल्याने त्यांच्या बाबतीत ही दुरुस्ती फारच जपून करावी लागते.

गेन्नादी बोरिसोव्ह यांनी ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियातून, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने त्यांचेच नाव मिळालेला धूमकेतू शोधला. तीनच आठवड्यांनी, २० सप्टेंबरला, ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच्या वर्णपटात ३८८ नॅनोमीटरजवळ सायनोजेन मूलकाची पट्टी टिपली. परक्या ताऱ्याकडून आलेल्या वस्तूतला वायू ओळखला गेला तो पहिल्यांदाच. मात्र हा मूलक बर्फात नसतो. मुख्यतः हायड्रोजन सायनाइडचा रेणू सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटला की तो तयार होतो, म्हणजे दिसते ते अपत्य आणि पालकाचा अंदाज बांधावा लागतो. सायनोजेनच्या तुलनेत दोन अणूंचे कार्बन रेणू बोरिसोव्हमध्ये कमी निघाले. लडाखमधील हानले इथल्या दुर्बिणीने तो सूर्याच्या सर्वात जवळ असतानाच्या काळात केलेल्या निरीक्षणांतही ही तूट दिसली. आपल्याच सूर्यमालेतल्या काही धूमकेतूंमध्येही ती असते, त्यामुळे तेवढ्यावरून बोरिसोव्हला वेगळा म्हणता आले नसते.

वेगळेपण कार्बन मोनॉक्साइडने उघड केले. हबल दुर्बिणीने तो अतिनील पट्ट्यात मोजला, तर चिलीतल्या अल्मा दुर्बीणसमूहाने मिलिमीटर लहरींत. अल्माच्या मोजणीनुसार त्याचे प्रमाण पाण्याच्या ३५ ते १०५ टक्के होते. सूर्यमालेतल्या धूमकेतूंत ते सहसा काही टक्केच असते. हा वायू गोठायला उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते. म्हणून बोरिसोव्ह आपल्या ताऱ्यापासून खूप दूर घडला असावा, किंवा तो ताराच थंड, लाल बटू असावा, असा तर्क मांडला गेला.

अ‍ॅटलासच्या बाबतीत वेब दुर्बिणीने ६ ऑगस्ट २०२५ रोजी अवरक्त वर्णपट घेतला. कार्बन डायऑक्साइडची मुख्य पट्टी ४.२६ मायक्रोमीटरवर असते, आणि आपल्या हवेतला हाच वायू तो प्रकाश अडवतो. त्यामुळे हे काम अवकाशातूनच करावे लागते. पाण्याच्या जवळपास आठपट कार्बन डायऑक्साइड निघाला. हा आकडा वाचताना अंतर विसरून चालणार नाही. तेव्हा अ‍ॅटलास सूर्यापासून पृथ्वीच्या ३.३ पट अंतरावर होता, आणि तिथे पाण्याच्या बर्फाचे संप्लवन पुरते सुरू झालेले नसते. मोजले गेले ते बाहेर पडणाऱ्या वायूंचे गुणोत्तर, गाभ्यातल्या बर्फाचे नव्हे. तरीही एवढ्या अंतरावरच्या इतर धूमकेतूंशी तुलना केली तर ते असाधारणच ठरते. जन्मस्थानाची थंडी हे त्याचे कारण असेल, किंवा अब्जावधी वर्षांच्या प्रवासात वैश्विक किरणांनी वरच्या थरांतल्या कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले असेल. दुसरे कारण खरे असेल तर वर्णपट जन्माविषयी कमी आणि प्रवासाविषयी जास्त सांगतो. म्हणून एकच धूमकेतू वेगवेगळ्या अंतरांवर पुन्हा पुन्हा पाहावा लागतो: सूर्याजवळ वरचा थर झिजला आणि गुणोत्तर बदलले, तर आतला बर्फ वेगळा आहे हे कळते.

निकेलचे कोडे आणखी अवघड आहे. पोलंडच्या पिओत्र गुझिक आणि मिखाऊ द्राहुस यांना बोरिसोव्हच्या कोमात मोकळे निकेल अणू सापडले, तेही उणे ९० अंशांच्या आसपासच्या थंडीत, जिथे धातूची वाफ होणे अशक्य. २०२१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला त्याच वेळी एका बेल्जियन गटाने सूर्यमालेतल्या धूमकेतूंभोवतीही लोह आणि निकेल असल्याचे दाखवले. सूर्यात लोह निकेलच्या दहापटींहून अधिक आहे. या धूमकेतूंच्या वायूत दोन्ही जवळपास सारखे भरले. अ‍ॅटलासमध्ये तर पृथ्वीच्या सुमारे ३.९ पट अंतरावर निकेल दिसले तेव्हा लोहाच्या रेषा सापडल्याच नव्हत्या. कार्बन मोनॉक्साइडशी जोडलेले निकेलचे संयुग, निकेल टेट्राकार्बोनिल, कमी तापमानालाही उडून जाते आणि उन्हात फुटून निकेल मोकळे करते. लोहाच्या तशाच संयुगाला थोडी जास्त ऊब लागते. धूमकेतू सूर्याकडे येताना आधी निकेल आणि मग लोह दिसणे या स्पष्टीकरणाशी जुळते.