पडदा मिटला, मजकूर कुठे गेला?

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीस अरबी समुद्रात ओखी चक्रीवादळ घोंघावत होते. केरळ व तामिळनाडूच्या अनेक मासेमारी नौकांनी तेव्हा सिंधुदुर्गातील देवगड बंदराचा आसरा घेतला. जे मच्छीमार वादळापूर्वीच खोल समुद्रात गेले होते, त्यांना इशारा कळवणे फार कठीण गेले. किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे 'जेमिनी' हे उपकरण २०१९ साली आले. ते 'गगन' उपग्रहांमार्फत आलेले इशारे पकडते आणि ब्लूटूथने मोबाइलमधील ॲपला देते.

इशारा मोबाइलमध्ये आला म्हणजे काम संपले का? नाही. तो ॲपमध्ये टिकलाही पाहिजे.

समजा, मालवणच्या एका तांडेलाने असे एखादे ॲप उघडले. आधी इशाऱ्यांची यादी, मग त्यातला एक इशारा, मग नकाशा. यांतील प्रत्येक पान म्हणजे एक 'स्क्रीन'. मोबाइल ही पाने ताटांच्या चळतीसारखी एकावर एक ठेवतो. 'मागे' ही खूण दाबली की सर्वांत वरचे ताट निघते आणि खालचे दिसू लागते. म्हणून नकाशावरून आपण थेट यादीवर न जाता आधी इशाऱ्यावर येतो.

आता मध्येच फोन वाजला. नकाशा झाकला गेला. या क्षणी त्याचे काय होते? अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक स्क्रीनला जणू आयुष्यच असते. ती निर्माण होते, दिसू लागते, आपल्या स्पर्शाला प्रतिसाद देते. मग विराम घेते, दिसेनाशी होते आणि शेवटी नष्ट होते. फोनची कार्यस्मृती मर्यादित असते. कॅमेऱ्यासारख्या कामाला जास्त जागा लागली, तर प्रणाली मागे पडलेले ॲप बंद करून जागा मोकळी करते. तेव्हा ॲपला शेवटची सूचना मिळेलच, अशी खात्री नसते.

म्हणून जाणता प्रोग्रामर आवराआवर शेवटावर ढकलत नाही. स्क्रीन विराम घेते किंवा दिसेनाशी होते, तेव्हाच तो नोंद करून ठेवतो. ही नोंद दोन प्रकारची असते. कोणते पान उघडे होते, यादी कुठवर सरकवली होती, एवढी छोटी चिठ्ठी तो प्रणालीकडे सोपवतो. वादळाचा इशारा मात्र येताक्षणीच फोनच्या कायम साठ्यात लिहितो. फोनची बॅटरी संपली तरी तो तेथे राहतो. तो पुन्हा वाचण्यासाठी मोबाइलचे जाळे लागत नाही.

आणखी एक बारकावा पाहा. सूचनेवर बोट ठेवताच इशाऱ्याचे पान थेट उघडते. त्याखाली यादीचे पान आधीच रचून ठेवले नसेल, तर 'मागे' दाबताच तांडेल ॲपच्या बाहेर पडेल!

तुम्हीही एक प्रयोग करा. अँड्रॉइड फोनवर पडदा आपोआप फिरण्याची सोय चालू करा. एखाद्या ॲपमध्ये दोन ओळी लिहा, त्या न पाठवता फोन आडवा धरा. पडदा फिरताना बहुधा जुनी स्क्रीन नष्ट होऊन नवी बनते. ओळी जागेवर राहिल्या, तर त्या कोणीतरी आठवणीने जपल्या आहेत असे समजा. निरनिराळ्या ॲपवर हे करून पाहा आणि निष्कर्ष वहीत नोंदवा.